पॅनडॉक : साध्या टिपणांना दस्तऐवजाचे रूप देताना

माझी टिपणे बरीच वर्षे साध्या मजकुराच्या फायलींत आहेत. त्याआधी ती एका टिपण-अ‍ॅपमध्ये होती. ते अ‍ॅप सोडताना त्याच्या 'एक्स्पोर्ट' बटणाने माझ्या हाती जे ठेवले, त्यात शीर्षके आणि मजकूर एकाच मापाचे झाले होते, तळटिपा वाक्यांच्या मध्येच सांडल्या होत्या आणि चित्रांच्या जागी नुसती फायलींची नावे उरली होती. त्या दिवसापासून लिहायचे ते साध्या मजकुरात आणि दुसऱ्याला द्यायची वेळ आली की मगच त्याचे रूप बदलायचे, असा परिपाठ मी ठेवला. संपादकाला वर्डची फाइल हवी असते, छपाईला पीडीएफ लागते आणि एखाद्या वाचकाला तेच लेखन ई-बुक म्हणून हवे असते. हे सगळे मी पॅनडॉक या प्रणालीकडून करून घेते. तिच्यावर मी जवळपास रोज विसंबते, त्यामुळे तिच्या खोडींचाही मला चांगलाच परिचय आहे.

पॅनडॉक ही मोफत आणि मुक्त-स्रोत प्रणाली २००६ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत आणि ती हॅस्केल या भाषेत लिहिलेली आहे. तिला खिडकी नाही, बटणे नाहीत. टर्मिनल, म्हणजे कमांड टंकण्याचा पडदा, उघडायचे, पॅनडॉकचे नाव, मूळ फाइलचे नाव, 'डॅश-ओ' आणि हव्या त्या फाइलचे नाव असे ओळीने लिहायचे आणि एंटर दाबायचे, एवढाच तिचा व्यवहार. शेवटच्या नावाचे एक्स्टेन्शन पाहून वर्ड, ओपनडॉक्युमेंट, ईपब (ई-बुक) किंवा एचटीएमएल (वेबपान) यांपैकी काय हवे आहे ते ती ओळखते. टर्मिनलची धास्ती असलेल्यांना हे पहिले दोन दिवस जड जाईल, हे मान्य करायला हवे. मात्र ती इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर चालते आणि टिपणे कोणाच्याही सर्व्हरवर चढवावी लागत नाहीत. फुकट रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळांवर खासगी लेखन टाकायला मी कधीच धजावले नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे.

या साधनाकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे त्याच्या आतल्या रचनेवरून कळते. पॅनडॉक आधी मूळ फाइल वाचून तिचा एक आराखडा मनाशी मांडते : हे पहिल्या पातळीचे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, ही तळटीप. मग त्या आराखड्यावरून नवी फाइल लिहिते. स्वरूपांनुसार वाचणारे भाग वेगळे आणि लिहिणारे भाग वेगळे, अशी ही विभागणी असल्यामुळे इतकी स्वरूपे तिला झेपतात. पण आराखड्यात जे मावत नाही ते मध्येच गळते. समासाची रुंदी, अक्षरांचा आकार, पान कुठे तुटावे यांतले काहीही त्यात नसते. म्हणून टिपण कसे 'दिसते' याला पॅनडॉकच्या लेखी किंमत शून्य, आणि त्यात कशाला काय म्हटले आहे याला मात्र सगळी किंमत आहे. निर्यात बिघडली की लोक प्रणालीला दोष देतात. माझा अनुभव असा की दहापैकी सात वेळा दोष टिपणातच सापडतो, उरलेल्या तीन वेळा फॉन्टमध्ये.

टिपणे मार्कडाउनमध्ये आहेत असे धरून चालू. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मांडलेली ही खुणांची पद्धत आता बहुतेक टिपण-अ‍ॅप्सना कळते, पण प्रत्येकाची बोली थोडी वेगळी आहे आणि पॅनडॉकची त्या मानाने कडक. शीर्षकासाठीच्या हॅशच्या (#) खुणेनंतर जागा सोडली नाही तर ती त्या ओळीला शीर्षक मानत नाही. परिच्छेदानंतर लगेच यादी सुरू केली, मध्ये कोरी ओळ ठेवली नाही, तर यादीच्या सगळ्या ओळी त्या परिच्छेदात विरघळतात. अ‍ॅपच्या पडद्यावर नीट दिसणारी यादी वर्डमध्ये एकाच लांबलचक वाक्यासारखी उमटली की बहुधा कारण हेच असते. दुसरा सापळा जुन्या सवयीचा आहे. परिच्छेदाची पहिली ओळ टॅब देऊन आत सरकवण्याची आपल्यापैकी अनेकांना सवय असते. कोरी ओळ सोडून टॅबने किंवा चार स्पेसने सुरू झालेला मजकूर म्हणजे संगणकीय कोड, असा मार्कडाउनचा नियम असल्यामुळे तो अख्खा परिच्छेद टंकलेखन-यंत्राच्या ठशात येतो. माझ्या जुन्या टिपणांतले असे शेकडो टॅब मला एका बैठकीत काढावे लागले.

देवनागरीत लिहिणाऱ्याला आणखी एक गंमत भेटते. मार्कडाउनमध्ये यादीचे क्रमांक म्हणून केवळ रोमन लिपीतले, म्हणजे 1, 2, 3 असे अंक ओळखले जातात. मी टिपणात '१.', '२.', '३.' असे लिहीत असे आणि पॅनडॉक त्या तीन मुद्द्यांचा सलग एक परिच्छेद करून देत असे, मुद्द्यांचे अंक वाक्यांच्या मधोमध अडकलेले. उपाय दोन : टिपणात रोमन अंक लिहून देवनागरी अंक अंतिम फाइलच्या शैलीवर सोपवावेत, किंवा दोन मुद्द्यांमध्ये कोरी ओळ ठेवून प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद राहू द्यावे. मी पहिला उपाय स्वीकारला आहे. या नियमाचा एक अनपेक्षित फायदाही आहे. परिच्छेदाच्या सुरुवातीला रोमन अंकांत एखादे साल आणि त्यापुढे पूर्णविराम आला, तर पॅनडॉक त्याला त्या क्रमांकापासून सुरू होणारी यादी समजते. देवनागरी अंकांत साल लिहिणाऱ्याला हा त्रास होत नाही.

कवितेच्या ओळींबाबत मात्र सावध राहावे. एका ओळीनंतर एंटर दाबून पुढची ओळ लिहिली, तर मार्कडाउन दोन्ही ओळी जोडते, कारण त्याच्या लेखी कोरी ओळ आल्याशिवाय परिच्छेद संपत नाही. ओळीच्या शेवटी दोन स्पेस ठेवाव्यात असा पारंपरिक उपाय आहे, पण न दिसणाऱ्या खुणेवर विसंबणे मला पटत नाही आणि काही संपादक-प्रणाली फाइल साठवताना त्या स्पेस पुसून टाकतात. पॅनडॉकमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी उभी रेघ आणि एक स्पेस दिली की ओळी जशाच्या तशा राहतात आणि आत सरकवलेली ओळही सरकलेलीच राहते. ज्यांच्या टिपणांत सगळीकडेच एंटर म्हणजे नवी ओळ असते, त्यांनी कमांडमध्ये तसा पर्याय एकदा चालू करून घ्यावा आणि निश्चिंत व्हावे.

आता वर्डकडे वळते, कारण बहुतेकांचे काम तिथेच असते. पॅनडॉकची वर्ड-फाइल आतून स्वच्छ असते. शीर्षके खरोखरच शीर्षक-शैलीत असतात, तळटिपा वर्डच्या खऱ्या तळटिपा होऊन येतात आणि संपादकाने मध्ये एक नवी घातली तर पुढचे क्रमांक आपोआप सरकतात. टिपणात तळटिपेची खूण देवनागरी अंकात लिहिलेली असली किंवा एखाद्या शब्दाने केलेली असली तरी चालते. रूप बदलायचे असेल तर 'रेफरन्स डॉक' म्हणजे नमुना-फाइल द्यावी लागते. पॅनडॉक तिच्यातला मजकूर पूर्णपणे दुर्लक्षून फक्त शैली, पानाचा आकार, समास, शीर्षलेख आणि तळलेख उचलते. पॅनडॉककडूनच मूळ नमुना-फाइल मागून घ्यावी, ती वर्डमध्ये उघडून शैली बदलाव्यात आणि जपून ठेवावी.

येथे दोन बाबी मला ठेच लागल्यावर कळल्या. परिच्छेदांमधले अंतर कमी करण्यासाठी मी 'नॉर्मल' शैली बदलत राहिले आणि फाइलवर काहीच परिणाम होईना. पॅनडॉक मजकुराला 'बॉडी टेक्स्ट' ही शैली लावते, शीर्षकानंतरच्या पहिल्या परिच्छेदाला 'फर्स्ट पॅराग्राफ' लावते, आणि 'बॉडी टेक्स्ट'मध्ये आधी ९ पॉइंट आणि नंतर ९ पॉइंट असे स्वतःचे अंतर ठरवून दिलेले आहे. बदल तिथे करावा लागतो. दुसरी बाब फॉन्टची. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणजे जटिल लिपी मानते आणि अशा लिप्यांसाठी फॉन्टचे नाव आणि अक्षराचा आकार वेगळ्या रकान्यात साठवते. नमुना-फाइलमध्ये वरच्या नेहमीच्या रकान्यात कितीही सुंदर देवनागरी फॉन्ट निवडला, तरी मजकूर त्या फॉन्टात येत नाही. फक्त मध्ये येणारे रोमन अंक आणि शब्द बदलतात. शैलीच्या फॉन्ट-चौकटीत जटिल लिपीचा रकाना भरला की सगळे जागेवर येते. आकाराचेही तसेच : वर १२ आणि खाली ११ राहिले, तर मराठी मजकूर ११ पॉइंटांतच उमटतो आणि आपण चष्म्याला दोष देत बसतो.

अनुक्रमणिका मागितली तर पॅनडॉक वर्ड-फाइलमध्ये ती 'फील्ड', म्हणजे वर्डने स्वतः भरायची जागा, म्हणून घालते. त्यामुळे फाइल प्रथम उघडताना वर्ड एक प्रश्न विचारते की या दस्तऐवजातील फील्ड अद्ययावत करायची का. प्रश्न निरुपद्रवी असला तरी अनोळखी माणसाला तो एखाद्या धोक्याच्या सूचनेसारखा वाटतो. मी दुसऱ्याला फाइल पाठवण्याआधी ती स्वतः उघडून, अनुक्रमणिका भरून, साठवून मगच पाठवते.

पीडीएफच्या बाबतीत पॅनडॉक स्वतः काही करत नाही, दुसऱ्याकडून करून घेते. ठरवून सांगितले नाही तर ती लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडे जाते, आणि पूर्ण लाटेक-संच उतरवून घ्यायचा म्हणजे कित्येक गिगाबाइट जागा हवी. दोन पानांच्या टिपणासाठी हा पसारा मांडायचा का, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय लाटेकचे जे इंजिन पॅनडॉक आपण होऊन वापरते ते देवनागरी अक्षर दिसताच थांबते आणि हे युनिकोड-अक्षर मला ठाऊक नाही, असे सांगून मोकळे होते. कोणी तरी सुचवते की झीलाटेक हे इंजिन वापरा. आपण वापरतो, काम निर्विघ्न पार पडते, फाइल तयार होते. मी पहिल्यांदा अशी फाइल उघडली तेव्हा चौदा पानांत पान-क्रमांक, काही रोमन अंक, कंस आणि स्वल्पविराम एवढेच होते. मजकुराच्या जागी पांढरे पान आणि त्यावर अधूनमधून विरामचिन्हे, जणू कोणी लेखातले शब्द वेचून नेले आणि टिंबे मागे ठेवली. टर्मिनलवर इशाऱ्यांची रांग लागली होती : या फॉन्टमध्ये 'क' नाही, 'ा' नाही, 'म' नाही. लाटेकचा ठरलेला फॉन्ट लॅटिन मॉडर्न असतो, त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत, आणि झीलाटेक त्यासाठी काम थांबवत नाही, फक्त कुरकुरते. इशारे न वाचता फाइल पुढे पाठवणाऱ्याची फजिती निश्चित आहे.

उपाय म्हणून मुख्य फॉन्ट सांगावा लागतो, उदाहरणार्थ नोटो सेरिफ देवनागरी, आणि त्याच्यासोबत लिपी देवनागरी आहे असेही सांगावे लागते. हे दुसरे विसरले तर अक्षरे दिसतात, पण जोडाक्षरे फुटू शकतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसू शकते. दोन्ही पर्याय दिल्यावर मात्र जे पान हाती येते ते वर्डमधून काढलेल्या पीडीएफपेक्षा कितीतरी देखणे असते. ओळी समान रुंदीत नीट बसतात आणि शीर्षक पानाच्या तळाशी एकटे राहत नाही. तरीही रोजच्या कामाला मी हा मार्ग सुचवणार नाही. टिपण एचटीएमएलमध्ये काढावे, ब्राउझरमध्ये उघडावे आणि तिथून पीडीएफ म्हणून छापावे. ब्राउझरला देवनागरी उत्तम जुळवता येते आणि लाटेकची गरजच उरत नाही. या वाटेवर एकच लक्षात ठेवायचे : एचटीएमएल काढताना 'स्टँडअलोन' हा पर्याय द्यावा. तो दिला नाही तर पॅनडॉक पूर्ण पान न देता पानाचा मधला तुकडा देते, त्यात अक्षर-संकेताचा उल्लेख नसतो आणि ब्राउझरने चुकीचा अंदाज बांधला तर मराठीऐवजी विचित्र चिन्हांचा ढीग दिसतो. अलीकडच्या आवृत्त्यांत टाइपस्ट या नव्या अक्षरजुळणी-प्रणालीमार्फतही पीडीएफ काढता येते, आणि ती लाटेकच्या तुलनेत फारच थोडी जागा घेते.

ईपबबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तक्रार नाही. पहिल्या पातळीच्या प्रत्येक शीर्षकापाशी नवे प्रकरण सुरू होते, मुखपृष्ठाचे चित्र देता येते, फॉन्ट आत बसवता येतो. शीर्षक आणि लेखकाचे नाव फाइलच्या डोक्यावर तीन-तीन डॅशच्या दोन ओळींमध्ये लिहावे लागते आणि तिथे एक खाच आहे : शीर्षकातच विसर्गचिन्हासारखा कोलन असेल तर संपूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत ठेवावे, नाहीतर पॅनडॉक त्या मजकुरापाशी अडते. मराठी शीर्षकांत कोलन किती वेळा येतो हे या लेखाच्या मथळ्यावरूनही लक्षात येईल.

अनेक टिपणांचे एक पुस्तक करायचे असेल तर फायलींची नावे एकापुढे एक दिली की पॅनडॉक त्या जोडून घेते. मात्र प्रत्येक टिपणात पहिल्या तळटिपेला मी 'एक' अशीच खूण केलेली असे, आणि जोडणी झाल्यावर सगळ्या प्रकरणांतल्या पहिल्या तळटिपा एकाच खुणेसाठी भांडू लागल्या. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे वाचण्याचा पर्याय यासाठीच दिलेला आहे. तो माहीत नसताना मी एक अख्खी दुपार खुणा बदलण्यात घालवली.

तक्ते हा पॅनडॉकचा माझ्या मते सर्वांत दुबळा भाग आहे, निदान देवनागरीपुरता. काही प्रकारच्या तक्त्यांत स्तंभ अक्षरे मोजून एकाखाली एक आणावे लागतात, आणि काना-मात्रा-जोडाक्षरांच्या लिपीत ते डोळ्यांनी साधणे जवळपास अशक्य आहे. उभ्या रेघांचा तक्ता हा त्यातल्या त्यात सोयीचा, कारण त्यात रेघा वेड्यावाकड्या असल्या तरी चालतात. एखादी ओळ ठरावीक लांबीपेक्षा मोठी झाली की स्तंभांची रुंदी शीर्षकाखालच्या आडव्या रेघांच्या संख्येवरून ठरते, हे ठाऊक नसेल तर 'शेरा' हा स्तंभ दोन अक्षरांइतका अरुंद आणि 'क्रमांक' हा अर्ध्या पानाइतका रुंद का आला, याचा उलगडा होत नाही. शेऱ्याखाली रेघा वाढवाव्यात, तो रुंद होतो. एकत्र केलेले रकाने मात्र या तक्त्यात येतच नाहीत, आणि वर्डमध्ये तक्त्याला चौकटही नसते, फक्त शीर्षकाखाली एक रेघ असते. चौकट हवी असेल तर नमुना-फाइलमधली तक्त्याची शैली बदलावी.

एवढ्या सगळ्या पर्यायांची कमांड रोज कोण टंकणार, हा आक्षेप मला अनेकांकडून ऐकायला मिळाला आहे. त्यावर 'डिफॉल्ट्स फाइल' हे उत्तर आहे : सगळे पर्याय एका छोट्या फायलीत एकदाच लिहून ठेवायचे आणि कमांडमध्ये फक्त त्या फायलीचे नाव सांगायचे. माझ्याकडे अशा तीन फायली आहेत, संपादकासाठी, छपाईसाठी आणि ई-बुकसाठी. ज्यांना तेही नको, त्यांनी झेटलर किंवा क्वार्टो यांसारखी साधने पाहावीत. तीही पडद्याआड पॅनडॉकच वापरतात. इमॅक्स या संपादक-प्रणालीवर ऑर्ग-मोडमध्ये टिपणे ठेवणाऱ्यांना तर निर्यातीची सोय घरचीच असते, आणि लाटेक किंवा ओपनडॉक्युमेंटपुरते काम असेल तर त्यांनी पॅनडॉकच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. वर्षातून एखादेच टिपण वर्डमध्ये द्यायचे असेल त्यानेही मजकूर चिकटवून शीर्षके हाताने करावीत; त्यासाठी ही प्रणाली शिकणे म्हणजे एका चपातीसाठी गिरणी लावण्यासारखे आहे.

उलटा प्रवासही होतो, पण तो तोट्याचा असतो. वर्डची फाइल पॅनडॉक मार्कडाउनमध्ये आणते, चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये काढून देते आणि सांगितले तर संपादकाने केलेल्या दुरुस्त्या व शेरे कोणी, कधी केले यासह मजकुरात दाखवते. पीडीएफ मात्र ती वाचूच शकत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या फायलींबाबतही तिच्याकडून आशा ठेवू नये. तिला युनिकोड मजकूर लागतो आणि त्या फायलींत मराठी केवळ फॉन्टच्या कृपेने दिसत असते. संपादकाकडून परत आलेल्या फाइलमध्ये दुरुस्त्या थोड्या असतील तर मी दोन्ही खिडक्या शेजारी उघडून त्या मूळ टिपणात हातानेच उतरवते. पानोपानी असतील तर शेऱ्यांसह मार्कडाउन काढून घेते आणि तक्ते तेवढे जुन्या फायलीतून परत चिकटवते.